नखं नसलेलं पाऊल
शाळेच्या ओट्यावर गुरुजींनी कुत्र्याची, गाईची, बिबट्याची पावलं खऱ्या मापात रंगवून घेतली, तेव्हापासून खिचडी शिजवणाऱ्या साळुबाईला संशय होता की हा माणूस शिकवायचं टाळतोय. त्या सकाळी हौदामागच्या चिखलात तिची नात अक्षदा वाकलेली दिसली. “आज्जे, बिबट्याचं पाऊल!” “आगं, कुत्रं आसंल.” “न्हाई. कुत्र्याची नखं उमटत्यात. हितं न्हाईत.” साळुबाईला पटेना. तिनं काडीनं माप घेतलं, काडी ओट्यावरच्या बिबट्याच्या पावलावर ठेवली. तंतोतंत जुळली. कुंपणापलीकडे ऊस उभा होता. तिनं आवाज न करता पोरं वर्गात घेतली, दार लावलं. गुरुजींनी वनखात्याला फोन केला. दुपारपर्यंत त्यांच्या माणसांना उसात दोन पिल्लं सापडली. अख्खं गाव फोटो काढायला लोटलं. गुरुजी दार उघडायला निघाले, तशी साळुबाई आडवी आली. “गुरुजी, पिल्लं घावली. आन् त्यांची आय कुठंय?”