तुळशीचं पथ्य

मये गावची विनोदिनी मुलाच्या पणजीतल्या फ्लॅटवर राहायला आली, ती कुंडीतली तुळस घेऊनच. हॉलच्या खिडकीत ठेवलेली ती तुळस महिन्याभरात पिवळी पडली.

"ही गेली की मीही चालले परत," तिने सुनावलं.

सुनेला, सुविधाला, घोर लागला. सासू गेली तर तान्ही मुलगी कुणाकडे सोपवून ती कामावर जाणार?

नर्सरीवाला म्हणाला, "माती उपाशी आहे, बाय. मासळी धुतलेलं पाणी घाल."

"देवाला?"

"देवाला नव्हे गो, मातीला."

सासू आंघोळीला गेली, की सुविधा जीव मुठीत धरून बांगडे धुतलेलं पाणी कुंडीत ओतू लागली. पंधरवड्यात तुळस हिरवीगार झाली. शेजारणी येऊन हात जोडून गेल्या. "माझ्या जपाचं फळ!" विनोदिनी सगळ्यांना सांगे.

एका सकाळी तिने सुनेला स्वयंपाकघरात गाठलं.

"शेजारचं मांजर रोज येऊन तुळशीला प्रदक्षिणा घालतं. मला काय कळत नाही?"

सुविधाने हातातलं पातेलं पाठीमागे लपवलं.

"घाल तू," सासू हळूच म्हणाली. "फक्त रविवारचं पाणी राखून सोमवारी घालू नको. सोमवारी मासळी बंद, तिचंही शिवराक."