पांढऱ्या टोप्यांचे पाहुणे

“माणूस कसा आहे ते मला त्याच्या पत्रातल्या दोन ओळींवरून कळतं,” थ्यूरा म्हणाली.

प्रेबेनने, तिच्या नवऱ्याने, कपाळाला हात लावला. गेल्याच महिन्यात तिने दोन ओळींवरून एका निवृत्त पाद्रीबुवांना समुद्राकाठचं घर सुट्टीसाठी भाड्याने दिलं होतं. पाद्रीबुवांनी सोबत ट्रम्पेट आणला होता.

त्यानंतर वसाहतीच्या मंडळाने बजावलं, आवाजाची आणखी एक तक्रार आली की घर भाड्याने देणं कायमचं बंद. आणि भाडं बंद झालं, तर थ्यूराच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं ते समुद्राकाठचं घर विकावंच लागणार होतं.

अशात दहा पोरांनी घर मागितलं. जून महिना, शाळा नुकती संपलेली, डोक्यावर शेवटची परीक्षा पास झाल्याच्या पांढऱ्या टोप्या. उघड्या ट्रकमधून भोंगे वाजवत फिरायचं, प्रत्येकाच्या घरी उतरून प्यायचं, ही त्यांची रीत. अख्ख्या किनाऱ्यावर त्यांना कुणी कोंबड्यांचं खुराडंही देत नव्हतं.

“त्यापेक्षा तूच काडी लाव घराला,” प्रेबेन म्हणाला.

“अरे, शांतता हवीय असं लिहिलंय त्यांनी.”

“पाद्र्यानेही तेच लिहिलं होतं.”

थ्यूराने होकार कळवून टाकला.

पोरं आली तेव्हा शेजारचा एगॉन कुंपणाशी खुर्ची टाकून बसला. आजवरच्या सगळ्या तक्रारी त्याच्याच होत्या. पण गाणं नाही, बाटली नाही, खिडक्यांचे पडदेसुद्धा ओढलेले. वाऱ्याने एगॉनचं बर्चचं झाड वाटेवर आडवं झालं, तेव्हा चार पोरं अनवाणी बाहेर आली, तोंडातून अक्षर न काढता झाड बाजूला केलं आणि मान लववून आत गेली.

तिसऱ्या दिवशी एगॉन स्वतः थ्यूराच्या दारात उभा राहिला. टोपी हातात होती.

“तुझी पोरं मला कामच देईनात गं,” तो म्हणाला. “माझ्या स्वतःच्या घरात मी इतके सभ्य लोक पाहिले नाहीत.”

त्यांचा सत्कार करायचा, ही कल्पनाही त्याचीच. संध्याकाळी सगळी गल्ली जमली. सणाला चढवतात तसा झेंडा चढला, केक आला, कुणीतरी अकॉर्डियन काढलं. ऊन अजून समुद्रावर होतं. खिडक्यांखाली ओळीने उभं राहून, वाढदिवसाला देतात तसे सगळ्यांनी नऊ हुर्रे दिले, वर एक लांबलचक. सर्वांत लांब एगॉनचा होता.

पडदा हलला नाही.

“लाजतात बिचारी,” थ्यूरा डोळे पुसत म्हणाली. म्हणून पुन्हा नऊ दिले.

सकाळी मंडळाचा फोन आला. आवाजाची तक्रार होती. भाडं आजपासून बंद. केकचं ताट परत न्यायला आलेल्या एगॉनकडे थ्यूराने पाहिलं. एगॉनने दोन्ही हात वर केले.

तक्रार अतिशय नम्र भाषेत होती. ट्रकमध्ये आठवडाभर जागलेले ते दहा जण इथे फक्त झोपायला आले होते.