मंद आच

रतननं बटण पूर्ण फिरवलं आणि बर्नरवर निळी ज्योत फर्रकन उभी राहिली.

"शेगडीला काय धाड भरलीय, काका? झकास आहे."

दशरथ स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. चारकोपच्या या घरात नवा ओटा आणि नवी कपाटं लागल्यापासून भाकरी फुगायची बंद झाली होती, ताटात कच्चीच येत होती. त्यानं ती मुकाट खाल्ली, आणि गॅस दुरुस्त करणाऱ्या रतनला परस्पर फोन केला. बायकोच्या हाताला नावं ठेवण्यापेक्षा शेगडीला ठेवलेली स्वस्त पडतात, एवढा व्यवहार इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कळला होता.

"मग भाकरी कच्ची कित्याक रवता?" त्यानं विचारलं.

"बंद कर रे ती," त्याची बायको रुक्मिणी घाईनं म्हणाली. "बघितलंस ना? झालं तर मग. सरबत घे आणि जा."

रतननं बंद केली नाही. नाक वर करून त्यानं वास घेतला. शेगडीच्या बरोब्बर वर, कपाटाच्या तळाला, भाकऱ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवलेला होता. त्यानं एक कोपरा धरून तो सोलला.

खालचा सनमायका फोड आल्यासारखा फुगला होता. त्याच्या कडेनं प्लायवूड काळं पडलं होतं.

रतननं आधी गॅस बंद केला. "वाट लागलीय, काकी. अजून थोडे दिवस गेले असते तर पेट घेतला असता. लाकूड शेगडीपासून अडीच फूट तरी वर पाहिजे. एवढं खाली कोणी घेतलं? सुतार येडा होता काय?"

रुक्मिणी स्वच्छ ओटा पुन्हा पुसायला लागली.

सुतार वेडा नव्हता. त्यानं दोनदा बजावलं होतं. पण रुक्मिणीचा उजवा हात खांद्याच्या फार वर जात नाही. दशरथनं तिला ओट्यापाशी उभं केलं होतं, हात वर करायला लावला होता, आणि जिथं तिची बोटं टेकली तिथं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली होती. कपाट त्या रेघेवर बसलं. ज्योत कुठवर जाते ते कोणी मोजलंच नाही.

"माका सांगूक काय झालेला?" दशरथ म्हणाला.

"काय सांगू? जन्मात एक काम हौसेन केलास, ता जळता म्हणान सांगू?"

"म्हणान बारीक गॅसवर रांधत होतंस?"

"आणि तुमी? कच्ची भाकरी खातास आणि गप रवतास!"

"मी तर फोन केलंय."

"केलास हो! शेगडीक डॉक्टर आणलास!"

रतननं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाना पिशवीत टाकला. "तुमचं चालू दे. पण कपाट वर जाणार म्हणजे जाणार. तोवर गॅस पेटवायचा नाही."

दुपारी सुतार आला. 'सांगितलं होतं ना' हे तोंडावर लिहून त्यानं जळका तळ बदलला आणि कपाट वर नेऊन ठोकलं. तो गेल्यावर रुक्मिणीनं त्याखाली उभं राहून हात वर केला. कपाटाचं दार तिच्या बोटांपासून वीतभर लांब राहिलं. तिनं हात खाली घेतला.

दशरथ खाकरला. "कधीमधी लागतला ताच वर ठेवूया. पावण्यांचे कप. लग्नातलो डिनरसेट."

तो स्टुलावर चढला आणि हात मागे करून वाट बघत राहिला. रुक्मिणीनं ओट्यावर मांडलेल्या सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली. मग तिनं त्याच्या हातात मिठाची बरणी दिली.

"मीठ? अगो, ह्या तर घडोघडी लागता."

"लागता तर. तुमचो हात पोचता ना," ती म्हणाली, आणि साखरेचा डबाही वर दिला.