चेहरा दाखवायचा नाही

अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या सहादूला कधी एकदा अंग टाकतो असं झालं होतं. पण लेकीला, चैतालीला, आजच कॉलेजात फिल्म द्यायची होती.

“थ्रिलरच्या सुरुवातीला चेहरा दाखवायचा नसतो, पप्पा. नुसते बूट, जिना आणि आवाज,” असं बजावून ती मोबाइल घेऊन चौथ्या मजल्यावर बसली.

सहादू कंपनीचे जड बूट घालून चढला. एकदा भरभर झालं, एकदा मध्येच खोकला आला. सहाव्यांदा खाली उतरला, तेव्हा गुडघे कुरकुरत होते. सकाळी सगळे कामाला गेल्यावर बिल्डिंगीत चिटपाखरू नव्हतं. तो पहिल्याच पायरीवर टेकला आणि बूट काढून तळवे चोळू लागला. दोन मिनिटं दम खाऊ, मग चढू.

“हां पप्पा, अस्संच! सावकाश,” वरून चैताली म्हणाली.

थकलेल्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. मग त्याला वर बूट वाजताना ऐकू आले. जड, डावा पाय किंचित ओढणारे, अगदी त्याच्यासारखे.

त्याचे बूट तर शेजारीच होते.

तो अनवाणी दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. हाक मारायला गेला, पण धाप लागून आवाज फुटेना.

“बास, कट! किती जवळ येताय?” चैताली हसली. मग तिचं हसू थांबलं आणि आवाज एकदम खाली आला.

“पप्पा, खालून कुणीतरी पळत येतंय.”