बसायचा व्यायाम

"बारा पॉइंट चार." घोरपडे सरांनी स्टॉपवॉच तिच्यापुढे धरलं. "पहिल्या दिवशी आलीस, तेव्हा सायकलवर हेच दोनशे मीटर बारा पॉइंट एकमध्ये मारलं होतंस, तेजल!"

तेजलला धाप आवरेना. निवडीसाठी बारा सेकंदांच्या आत यायला हवं होतं आणि आता वीस मिनिटांनंतरची एकच संधी उरली होती. ट्रॅकवरच्या या स्प्रिंटपायी तिने रोड रेसच्या संघातली हक्काची जागा सोडली होती.

"सर, सहा आठवडे मी जराही कसूर केली नाही हो! उलट..." ती अडखळली. "रोज पहाटे गुपचूप हायवेवर साठ किलोमीटर मारून येत होते. इथे दहा सेकंद सायकल हाणायची आणि वीस मिनिटं खुर्चीत बसायचं, मला ती कामचोरी वाटायची. रोडला आम्ही चार-चार तास सीटवरून उतरत नव्हतो."

सरांनी ट्रॅकच्या कडेची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून तिच्यासमोर आणली.

"अगं, दहा सेकंदांत सगळं ओतायचं, तर पायांत काही उरायला नको का? मी दिलेला हा एवढा एकच व्यायाम तू केला नाहीस."

तेजल मटकन खुर्चीत बसली. "आता बसते, सर. हलणारसुद्धा नाही."

पण बसल्या जागी तिच्या मांड्या थरथरतच होत्या. तिने त्या दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरल्या. सहा आठवड्यांची विश्रांती तिला वीस मिनिटांत घ्यायची होती.