फोटोपुरता परवाना

फोटो निघाला, मंत्रीसाहेब मंचावरून उतरले आणि निरीक्षकाने तिच्या हातातला परवाना अलगद काढून घेतला.

"अहो, माझा आहे तो!"

"फोटोपुरता होता, मावशी. नमुना. तुमचा येईल नियमाप्रमाणे." त्याने कागद काखेतल्या फाइलीत सरकवला आणि तो मंत्र्यांच्या चहापाण्याकडे धावला.

ती तशीच उभी राहिली. मागे हातभर अक्षरांचा फलक होता : 'अर्ज सकाळी, परवाना संध्याकाळी'. सकाळी हाच निरीक्षक खिडकीबाहेर येऊन म्हणाला होता, "मावशी, आज तुमचं काम करूनच टाकू." तिला खुर्ची दिली होती, पाणी विचारलं होतं. अर्ज केल्यापासूनच्या अकरा महिन्यांत त्या कचेरीत तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता. पण गरजवंताला अक्कल नसते.

वीस वर्षं तिने दुसऱ्याच्या लाँड्रीत उभ्याने इस्त्री केली होती. आता नणंदेला बरोबर घेऊन स्वतःची लाँड्री थाटली होती. धुलाईची दोन मोठी यंत्रं, एक बॉयलर, मागे सांडपाण्याची टाकी, भिंतीवर आग विझवायची दोन लाल नळकांडी. सगळी खाती येऊन बघून गेली होती. सगळ्यांनी मान डोलावून 'ठीक आहे' म्हटलं होतं, फक्त ते कागदावर लिहायला कुणी तयार नव्हतं. इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "एक तारखेपासून चादरी पाठवते. दार बंद दिसलं तर गाडी दुसरीकडे वळेल." आणि आज अठ्ठावीस तारीख होती.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. तेवढे सहा महिने तिने धरलेच होते. पण मधेच सुधारणा आली. पूर्वी त्या कचेरीत सात टेबलं होती. धंदेवाल्यांची पायपीट वाचावी म्हणून ती सातही एका खिडकीमागे गेली आणि खिडकीला काळी काच बसली. पूर्वी घोडं कुठं पेंड खातंय ते निदान दिसायचं. कुणापुढे हात जोडायचे ते कळायचं. आता काचेपुढे हात जोडायचे आणि काचेत आपलंच तोंड बघून घरी यायचं.

दुसऱ्या दिवशी नणंद पेपर नाचवतच लाँड्रीत आली. पहिल्याच पानावर बातमी होती : 'लाँड्रीचा परवाना अवघ्या आठ तासांत!' फोटोत मंत्री हसत होते, ती हसत होती, दोघांच्या मधे परवाना होता. बाजूला निरीक्षक टाळ्या वाजवत होता.

"वहिनी, लग्नात तरी एवढी हसली होतीस का गं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पेपर ओढून घेतला, चुरगाळला आणि कोपऱ्यात भिरकावला. मग बंद यंत्राला टेकून स्टुलावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. इतका राग तिला नवऱ्याचा कधी आला नव्हता, मालकाचा आला नव्हता.

नणंदेची मस्करी पार विरघळली. "मेट्रनबाईंना नाही म्हणून कळवू का?"

ती उठली, कोपऱ्यातला बोळा उचलून टेबलावर पसरला आणि इस्त्री तापवली. मग एकेक सुरकुती सावकाश काढली, डॉक्टरांचा कोट असावा तशी.

"हे काय आता?"

"फ्रेम आण. मोठी बघून आण."

वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला असं नणंदेला वाटलं. तरी तिने फ्रेम आणली.

एक तारखेला इस्पितळाची गाडी आली आणि बॉयलर पेटला. तीन तारखेला निरीक्षक आला. तिच्या जुन्या मालकाने तक्रार केली होती.

"मावशी, परवान्याशिवाय बॉयलर? सील ठोकावं लागेल."

"परवाना आहे की. तो काय, तुमच्या समोर."

त्याने भिंतीकडे पाहिलं. काचेआडून तोच टाळ्या वाजवत होता.

"तो फोटो आहे."

"फोटोत माझ्या हातात काय आहे?"

"उगाच शब्दात पकडू नका, मावशी. तो नमुना होता, तुम्हालाही ठाऊक आहे."

तिने इस्त्रीच्या टेबलावर एक कोरा कागद ठेवला, वर पेन ठेवलं. "मग तेवढंच लिहून द्या, साहेब. मंत्रीसाहेबांनी दिलेला परवाना खोटा होता. खाली तुमची सही. या क्षणी बॉयलर बंद करते."

त्याने पेनाचं टोपण काढलं. कागदाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. टोपण परत लावलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो काही वाफेचा नव्हता.

"बसा ना, साहेब," नणंदेने खुर्ची पुढे केली. "पाणी देऊ?"

तो बसला नाही. आला तसा निघून गेला.

संध्याकाळी साडेपाचला कचेरीचा शिपाई परवाना घेऊन आला. खरा शिक्का, खरा क्रमांक, सातही खात्यांच्या सह्या. तिने ओले हात पुसले आणि तो उभ्या उभ्याच वाचला. मग पुन्हा वाचला, आणि या वेळी मधेच थांबली.

"काय गं वहिनी? चुकलंय का काही?"

तिने कागद नणंदेपुढे धरला. अर्ज केल्याची तारीख, अठ्ठावीस. परवाना दिल्याची तारीख, अठ्ठावीस. तिचे अकरा महिने त्या कागदावर कुठंच नव्हते.