सरळ केलेली वही

आई गेली तेव्हा नववी ‘ब’च्या तपासायला आणलेल्या वह्या घरीच राहिल्या होत्या. तेराव्यानंतर मी त्या शाळेत पोचवल्या. तिचं काम नीटनेटकं दिसावं म्हणून गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. मध्येच एक वही पालथी होती, ती सरळ केली.

महिन्याभराने तिच्या कपाटाची किल्ली द्यायला गेले, तर ऑफिसबाहेर एका मुलीने मला थांबवलं.

“मॅडमची मुलगी ना तुम्ही? मी चांदणी, नववी ‘ब’ची, मुर्धा गावातली. मॅडम आमच्या सल्लागार टीचर होत्या.”

तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला होता.

“शाळा बदलतेयस?”

“नाही ताई, बंदच. मम्मी कामाला जाते, आजी अंथरुणाला खिळलीय. पप्पा म्हणाले, तू घरी थांब. मॅडम असत्या ना, तर घरी येऊन भांडल्या असत्या.”

“मग दुसऱ्या कोणा टीचरला का नाही सांगितलंस?”

“मॅडमनाच सांगितलेलं ना. त्या म्हणायच्या, तोंडाने बोलता येत नसेल तर गठ्ठ्यात वही पालथी ठेवा. ती सरळ होऊन परत आली की समजायचं, मॅडमना कळलंय, आता त्या बघतील.”

तिने दाखल्याची घडी घातली.

“माझी वही सरळ होऊन आली, ताई. वाटलं, जाण्याआधी त्या कोणाला तरी सांगून गेल्या असतील. म्हणून मी वाट बघत राहिले.”